मातीच्या पत्रिकेत मॅग्नेशियमचा रकाना हवा

पान पिवळे पडले की युरिया टाकायचा, ही सवय कोकणात आता इतकी मुरली आहे की पान का पिवळे पडले हा प्रश्नच विचारला जात नाही. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याचा परिसर घ्या. खाली वहाळाकाठी भाताचे मळे, घराभोवती नारळी-पोफळी, उतारावर आंबा-काजू आणि त्याही वर उघडा कातळ. या चारही ठिकाणी पान पिवळे पडते, पण चारही ठिकाणची कारणे निराळी असू शकतात. उपाय मात्र एकच केला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. शेतकऱ्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. पानातले हरितद्रव्य ज्या धातूवाचून बनूच शकत नाही, त्या मॅग्नेशियमबद्दल सरकारी मृदा आरोग्य पत्रिका त्याला काहीच सांगत नाही. पत्रिकेत मॅग्नेशियमचा रकानाच नाही. निदान कोकणापुरता तरी तो असायलाच हवा, आणि याचे कारण हरितद्रव्य बनते कसे यातच दडलेले आहे.

हरितद्रव्य झाड मुळातून आयते उचलत नाही; ते पानाच्या पेशीतल्या हरितलवकात टप्प्याटप्प्याने घडवावे लागते. सुरुवात होते ग्लुटामिक आम्लापासून, म्हणजे नत्र असलेल्या एका साध्या अमिनो आम्लापासून. त्यातून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनते. या आम्लाचे दोन-दोन रेणू जुळून नत्रयुक्त छोटी कडी तयार होते, अशा चार कड्या जोडून एक मोठे वर्तुळ होते. एकूण आठ रेणू खर्ची पडतात, तेव्हा कुठे एक वर्तुळ उभे राहते आणि त्याच्या मधोमध चार नत्राचे अणू आत तोंड करून बसतात. पुढच्या काही पायऱ्यांत या वर्तुळाची काटछाट होते आणि मग एक दुफाटा येतो. वर्तुळाच्या मध्यभागी लोह बसवले तर हीम बनते. आपल्या रक्ताला लाल करणारा रेणू तोच, आणि वनस्पतीही आपल्या श्वसनासाठी तो बनवतात. मध्यभागी मॅग्नेशियम बसवले तर हरितद्रव्याची वाट सुरू होते. मॅग्नेशियम बसवण्याचे काम तीन घटकांचे एक विकर करते आणि त्यासाठी पेशीला आपली साठवलेली ऊर्जा खर्च करावी लागते. त्यानंतर वर्तुळाला पाचवी लहानशी कडी जोडली जाते, शेवटी फायटॉल नावाची लांब शेपटी चिकटते आणि हरितद्रव्य पुरे होते. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते ही काही नवी बातमी नाही. ते दाखवून देणाऱ्या रिचर्ड व्हिल्श्टेटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी १९१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ही गोष्ट शास्त्राला पक्की ठाऊक आहे.

या साखळीतली एक पायरी कोकणातल्या अनेक घरांत वर्षातून एकदा डोळ्यांना दिसते. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते रुजवण भराभर वाढते, पण कोंब पिवळेधमक राहतात. त्यात खत कमी पडलेले नसते, पाणीही कमी नसते. सपुष्प वनस्पतींमध्ये हरितद्रव्य घडण्याची शेवटाकडची एक पायरी प्रकाश पडल्याशिवाय ओलांडलीच जात नाही. अंधारातले झाड त्या पायरीपर्यंतचा थोडा माल तयार करून थांबून राहते. जास्त करत नाही, कारण अर्धवट बनलेले हे रंगद्रव्य मोकळे साठून राहिले आणि त्यावर ऊन पडले, तर त्यातून पेशी जाळणारा ऑक्सिजन तयार होतो. रुजवण उजेडात आणले की थांबलेला माल लगेच पुढे सरकतो आणि काही तासांत कोंब हिरवे दिसू लागतात. (देवदार, पाईन यांसारख्या सूचिपर्णी झाडांपाशी अंधारातही चालणारे दुसरे विकर आहे, त्यांची रोपे अंधारातही हिरवी होतात.) यावरून एक गोष्ट कळते. पिवळेपणा म्हणजे एखादी विशिष्ट कमतरता नव्हे. लांबलचक साखळी कुठे तरी अडली, एवढेच तो सांगतो. ती नत्राअभावी सुरुवातीलाच अडेल, मॅग्नेशियमअभावी दुफाट्यावर अडेल, लोहाअभावी पुढे अडेल. लोह हरितद्रव्याच्या रेणूत नसले तरी ती पाचवी कडी जोडणाऱ्या विकराला लोह लागते. प्रकाश नसेल तर शेवटाकडे अडेल. दुरून पाहणाऱ्याला चारही वेळा पान पिवळेच दिसणार.

आता पानाखालची माती पाहू. सह्याद्रीचा खडक म्हणजे बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेशियमची खनिजे भरपूर असतात. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडकडे उतरले की याच खडकापासून बनलेली काळी माती लागते. तिकडे पाऊस कोकणाच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मातीतच टिकून राहिले. घाटाच्या अलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाखो वर्षांच्या या धुण्यात चुना, मॅग्नेशियम, पालाश, अगदी सिलिकासुद्धा वाहून गेला आणि मागे उरले लोह नि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा. ज्या चिऱ्यांनी कोकणातली घरे बांधली, तो चिरा म्हणजे मॅग्नेशियम निघून गेलेला सह्याद्री होय. जी माती उरली ती आम्लधर्मी, आणि आम्ल मॅग्नेशियमला कसे हुसकावते ते स्वयंपाकघरातही पाहता येते. अळूच्या हिरव्यागार पानांत आमसूल पडले आणि ती शिजली की रंग मळकट शेवाळी होतो. आम्लातला हायड्रोजन हरितद्रव्याच्या मध्यात शिरतो आणि मॅग्नेशियमला तिथून उठवतो. आम्लधर्मी मातीतही चिकणकणांवर धरून ठेवलेल्या मॅग्नेशियमची जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बळकावतात, आणि सुटलेले मॅग्नेशियम पुढच्या आषाढात वहाळाला लागते.

एकाच खडकाच्या दोन माती आणि दोन उलट दुखणी, हे मुद्दाम सांगायचे कारण मृदा आरोग्य पत्रिका आहे. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. देशभरासाठी बारा बाबी ठरवल्या गेल्या: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब; नत्र, स्फुरद, पालाश; गंधक; आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. यादी विचारपूर्वक केलेली आहे आणि देशावरच्या शेतकऱ्याला तिचा खरा उपयोग आहे. तिकडच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी होतात, शेतकरी म्हणतो केवडा पडला, आणि हिराकस फवारून तो आवरता येतो. तिथे लोहाचा आकडा मोलाचा आहे. सावर्ड्याच्या शेतकऱ्याच्या पत्रिकेतही लोहाचा आकडा येतो, पण त्याची माती लोहानेच लाल झालेली आहे. जे त्याच्याकडे उदंड आहे त्याचे मोजमाप त्याला मिळते. जे पावसाने धुऊन नेले त्याचे मिळत नाही. शिवाय नमुना घेण्याची पद्धत अशी की कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांना एक नमुना. कोकणात दहा हेक्टरांत खालचा मळा, मधली परसबाग, वरकस उतार आणि कातळ असे सगळे येऊ शकते आणि मालक पंचवीस असू शकतात. त्या सगळ्यांच्या हातात एकच आकडा पडतो.

मॅग्नेशियमच्या रकान्याच्या मागणीविरुद्ध पहिला आक्षेप असा की, पिवळेपणाचे सर्वांत मोठे कारण नत्रच आहे. मग युरिया देण्यात काय चुकले? आक्षेपात तथ्य आहे. हरितद्रव्याच्या एका रेणूत मॅग्नेशियमचा अणू एक, पण नत्राचे चार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हरितद्रव्याला धरून ठेवणारी आणि प्रकाशसंश्लेषण करणारी प्रथिने नत्रावरच उभी असतात. भाताला युरिया दिला की चार-आठ दिवसांत शेत हिरवे होते हे प्रत्येकाने पाहिलेले आहे आणि ते खरेच आहे. चूक नत्र देण्यात नाही. न तपासता, तेच ते आणि तेवढेच देत राहण्यात आहे. हवा खेळणाऱ्या जमिनीत युरियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, म्हणजे बागेतली आधीच आम्लधर्मी माती आणखी आम्ल होते. युरियापासून बनणारे अमोनियम मुळाशी मॅग्नेशियमच्या आड येते. पालाशही तेच करते, म्हणून नारळ-केळीला भरघोस पालाश देणाऱ्या बागायतदाराने तर जास्तच जपायला हवे. ४५ किलोची युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, कारण तिच्यावर मोठे सरकारी अनुदान आहे. मॅग्नेशियम सल्फेटला तसा आधार नाही. एका बाजूला किंमत ढकलते आहे आणि दुसऱ्या बाजूला पत्रिका गप्प आहे, अशा वेळी शेतकऱ्याचा हात कुठे जाईल हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो अधिक वजनाचा आहे. कोकणाचे मुख्य पीक भात. भाताच्या खाचरात पाणी साचले की आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप वर सरकतो, मॅग्नेशियमची टंचाई सौम्य होते, आणि पाणथळ जांभ्या मातीत खरी भीती असते ती जास्त झालेल्या लोहाची, ज्याने पाने तांबूस होतात. हे मान्य करायलाच हवे. भाताच्या मळ्यात मॅग्नेशियम हा पहिला संशयित नव्हे, आणि पत्रिकेत रकाना आला म्हणून प्रत्येक खाचरात मॅग्नेशियम सल्फेट ओतावे असे कोणी सुचवू नये. पण कोकणातला शेतकरी आज पैसा कुठून मिळवतो? नारळ, सुपारी, केळी, आंबा, काजू आणि मळ्यातला उन्हाळी भाजीपाला यांतून. ही सगळी पिके निचऱ्याच्या जमिनीत वाढतात. तिथे पाणी साचून सामू सुधारण्याची सोय नाही. नारळाच्या खालच्या झावळ्या ज्या पद्धतीने पिवळ्या पडतात, टोके आणि कडा पिवळ्या पण मधली शीर नि तिच्या लगतचा भाग हिरवा, ते मॅग्नेशियमच्या उपासमारीचे ठसठशीत लक्षण मानले जाते. केरळात तर मोठ्या माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट देण्याची शिफारस जुनी आहे.

मग पानच जर सांगते, तर मातीची तपासणी कशाला? पान वाचायला शिकवणे उत्तमच आहे, आणि त्याची मुळाक्षरे अवघड नाहीत. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतात, म्हणून टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्याला देते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. नत्राअभावी सबंध पान फिकटते, तर मॅग्नेशियमअभावी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह आणि गंधक सहज फिरत नाहीत, म्हणून त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानात दिसते. भातासाठी पानाच्या रंगाचा तक्ताही निघाला आहे. हिरव्या छटांच्या पट्ट्या असलेली ती पट्टी पानाला लावून युरिया कधी द्यायचा ते ठरवता येते. पण ती पट्टी हिरवेपणा किती ते सांगते, का कमी ते नाही. आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत पान उशिरा बोलते. पानातल्या मॅग्नेशियमचा लहानसा हिस्साच हरितद्रव्यात असतो. बाकीचे प्रथिने घडवण्याच्या आणि साखर पानातून बाहेर पाठवण्याच्या कामी लागते. टंचाई सुरू झाली की साखर पानातच तुंबते, मुळांना आणि फळांना कमी पोचते, आणि हे सगळे पान पिवळे दिसण्याच्या आधी होऊन जाते. फळ लहान राहिले याचे कारण शोधताना मग कोणी मॅग्नेशियमकडे वळतही नाही. तपासणीची खरी गरज आहे ती याच मुक्या काळासाठी.

खर्चाचा आक्षेप मात्र टिकत नाही. पालाश मोजण्यासाठी प्रयोगशाळेत मातीचा नमुना अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात घुसळून गाळतात. मातीतले उपलब्ध मॅग्नेशियम त्याच अर्कात उतरलेले असते. आज पालाशाचा आकडा घेतला की तो अर्क ओतून दिला जातो. जस्त, लोह, तांबे, मंगल मोजण्यासाठी ज्या प्रयोगशाळांत अणुशोषण यंत्र आहे, तिथे मॅग्नेशियमसाठी वेगळा दिवा आणि थोडा वेळ एवढेच लागते. यंत्र नसेल तर ईडीटीएचे अनुमापन आहे. द्रावणाचा दारूसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. कृषी पदवीचा विद्यार्थीही हे शिकतो, आणि याच पद्धतीत कॅल्शियमचा आकडाही हाती लागतो. सावर्ड्याजवळ मांडकी-पालवणला कृषी महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. मनुष्यबळ नाही असे इथे म्हणता येणार नाही. केरळने हे करून दाखवले आहे. तिथल्या राज्य नियोजन मंडळाच्या पुढाकाराने २०१० नंतर राज्यभरातून मातीचे नमुने तपासले गेले, त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुद्दाम धरले, आणि मॅग्नेशियमची कमतरता राज्याच्या मोठ्या भागात पसरलेली आढळली. जांभ्याची जमीन, मुसळधार पाऊस, माड-पोफळी, सगळे आपल्यासारखेच. आपल्याकडे चित्र तसेच निघेल असे आधीच ठरवणे योग्य नाही, पण न मोजता ‘आपल्याकडे प्रश्न नाही’ म्हणणे त्याहून अयोग्य आहे.

इथे भाजावळीचा उल्लेख करायला हवा, कारण ती बंद झाल्याने जमिनीचे काय गेले हे फारसे कोणी बोलत नाही. भाताचा तरवा पेरण्याआधी दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, कवळ, शेण, पातेरा पसरून जाळण्याची रीत रानाच्या नासाडीला कारण झाली, जळताना नत्र धुरात गेले, आणि ती सोडून देण्याचा सल्ला बरोबरच होता. पण त्या राखेत चुना, पालाश आणि मॅग्नेशियम होते. खोल मुळांच्या झाडांनी जमिनीच्या पोटातून वर आणलेले मॅग्नेशियम पाल्यावाटे दाढीत येत होते, राखेने आम्लताही थोडी उतरत होती. रीत गेली आणि तिच्या जागी आलेल्या युरिया, डीएपी यांत मॅग्नेशियमचा अंशही नाही. डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत पिकाच्या अवशेषांचा फेरवापर आणि गिरिपुष्पाचा पाला ही दोन सूत्रे होती, ती या दृष्टीने फार मोलाची. लोकांनी मात्र त्यातली युरिया-डीएपीची ब्रिकेट तेवढी उचलली आणि पाला बांधावरच राहिला. गिरिपुष्पाची फांदी आजही सावर्ड्याच्या कुठल्याही कुंपणात लावता येईल, आणि तिच्या पाल्यातून नत्राबरोबर थोडे मॅग्नेशियमही परत येईल.

रकाना आल्यावर उपाय काय, याचीही तयारी आधीच असायला हवी, नाही तर आकडा कागदावरच राहील. ज्या बागेत मॅग्नेशियम कमी आणि सामूही खाली, तिथे डोलोमाइट चांगला. तो आम्लता उतरवतो आणि मॅग्नेशियम सावकाश सोडतो. जिथे सामू ठीक पण मॅग्नेशियम कमी, तिथे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असते आणि ते पाण्यात चटकन विरघळते. म्हणूनच ते जून-जुलैच्या मुसळधारेत टाकणे म्हणजे वहाळाला खत घालणे. पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, आळ्यात विभागून द्यावे. कृषी विभागाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सुरुवात करायची तर भाताचे खाचर सोडून नारळ-सुपारीच्या बागा आणि नव्या काजू लागवडी आधी घ्याव्यात, नमुना दहा हेक्टरांमागे न घेता जमिनीच्या प्रकाराप्रमाणे घ्यावा, आणि निकाल सप्टेंबरच्या आत शेतकऱ्याच्या हातात द्यावा. त्यानंतर आला तर त्या वर्षाचे खत देऊन झालेले असते.